दुखणं ऐकून घेणारी माणसं

 

'समुपदेशन' हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. गरोदरपणात ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासायला गेलात, तेव्हा ज्या ताईंनी आत बसवून, दार लोटून एचआयव्हीची माहिती दिली, त्या समुपदेशक. शब्दात 'उपदेश' आहे, म्हणून पुष्कळ जणींना वाटतं की आता आपल्याला चार गोष्टी सुनावणार. काम मात्र उलटं असतं. त्यात सांगायचं थोडं आणि ऐकायचं पुष्कळ. आज मला गोष्ट सांगायची आहे ती हे ऐकणं दवाखान्यात कसं आलं त्याची. ते पहिल्यापासून तिथं नव्हतं. माणसांनी ते आणलं, आणि त्यांतल्या बऱ्याच बाया होत्या.

आपल्याकडे म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. पण काही दुखणी मुंगीच्या पावलानंसुद्धा जात नाहीत. संधिवातानं वाकडी झालेली बोटं, लकव्यानं गेलेलं अर्धं अंग, झाडावरून पडून मोडलेला मणका, पसरलेला कॅन्सर. अशा वेळी एक वाक्य कानावर येतं, "आता इथं काही करण्यासारखं नाही, घरी घेऊन जा." घरी नेल्यावर पुढे काय, हे त्या वाक्यात नसतं. आजची सगळी गोष्ट त्या 'पुढे काय'ची आहे.

सुरुवात मोठी गमतीची आहे, आणि जरा कडूही. लंडन शहरात रॉयल फ्री नावाचं धर्मादाय रुग्णालय होतं. तिथं उपचार फुकट मिळत. कारभाऱ्यांना संशय आला, की ज्यांना पैसे देणं परवडतं तीही माणसं फुकटचं औषध घेऊन जातात. मग १८९५ साली मेरी स्टुअर्ट नावाच्या एका बाईंना नेमलं. येणाऱ्याची घरची परिस्थिती काय, खरंच गरीब आहे का, हे तपासायचं काम. म्हणजे झडतीच म्हणा. रेशनकार्डाच्या रांगेत आपल्याला जे प्रश्न विचारतात, तसलेच प्रश्न.

पण परिस्थिती विचारायची म्हणजे माणसाशी बोलावं लागतं, आणि बोलायला बसलं की भलतंच बाहेर येतं. लबाड माणसं फार थोडी निघाली. बहुतेकांची अडचण ही, की डॉक्टरनं दिलेलं औषध घ्यायला पोटात अन्न नाही, 'विश्रांती घ्या' म्हटलं तर घरी तान्हं पोर आहे. झडतीसाठी नेमलेली बाई अशा रीतीनं मदतीची बाई झाली. पुढे इतर दवाखान्यांनीही अशा बाया नेमल्या. आपल्याकडे हे काम मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आलं, १९४६ साली. आज सरकारी मोठ्या दवाखान्यांत 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी दिसते, ती याच कामाची. आपल्या बाया ती पाटी ओलांडून पुढे जातात, कारण आत कोण बसतं हेच माहीत नसतं. पुढच्या वेळी आत डोकावून बघा.

आता ज्या बाईमुळे ही गोष्ट खऱ्या अर्थानं वळली, तिच्याकडे येऊ. तिचं नाव सिसिली सॉन्डर्स. जन्म १९१८चा, इंग्लंडचा. घर चांगलं खातंपितं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिनं कॉलेज सोडलं आणि नर्सिंग शिकायला गेली. नर्स झाली, पण पाठीचं दुखणं मागे लागलं. रुग्ण उचलणं, कुशीवर वळवणं, हे दिवसभर करायचं तर पाठ हवी ना! नर्सिंग सोडावं लागलं. मग ती मेरी स्टुअर्टच्याच वाटेनं गेली आणि १९४७ साली दवाखान्यातली समाजसेविका झाली. मला नेहमी वाटतं, हिला स्वतःला पाठदुखी होती म्हणून पुढचं काम हिच्या हातून झालं असावं. अर्थात हे माझं मत.

तिच्या वॉर्डात डेव्हिड टास्मा नावाचा एक रुग्ण आला. मूळचा पोलंडचा, ज्यू, सगळी माणसं मागे राहिलेली. लंडनला हॉटेलात वाढप्याचं काम करायचा. वय चाळीस. कॅन्सर पोटात खाली पसरलेला, ऑपरेशन होण्यासारखा नव्हता. परमुलखात एकटा, भाषा परकी, आणि आपण जगलो ते कशासाठी हा प्रश्न मनात. सिसिली त्याला भेटायला जायची. साधारण दोन महिने हे चाललं. दोघं काय बोलत असत? त्याच्या लहानपणाबद्दल, त्याच्या देवाबद्दल, आणि एका जागेबद्दल. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला वॉर्डाच्या गलबल्यात पडून राहावं लागू नये, वेदना थांबावी आणि कोणीतरी त्याला माणूस म्हणून ओळखावं, अशी एखादी जागा हवी, असं दोघांच्या बोलण्यात येत गेलं.

१९४८च्या फेब्रुवारीत डेव्हिड गेला. जाताना त्यानं आपल्याजवळचे ५०० पौंड सिसिलीच्या नावे ठेवले. तिच्या होणाऱ्या घराची एक खिडकी माझी, असा त्याचा भाव होता. घर अजून कुठंच नव्हतं. खिडकी आधी आली आणि तिच्याभोवती घर बांधायला पुढे १९ वर्षं गेली.

इतकी वर्षं का लागली? एक म्हणजे ती डॉक्टर नव्हती. संध्याकाळची ती सेंट ल्यूक्स नावाच्या एका दवाखान्यात बिनपगारी सेवेला जायची. शेवटच्या अवस्थेतले रुग्ण तिथं ठेवत. तिथं तिला एक गोष्ट दिसली. इतर दवाखान्यांत वेदनेचं औषध कधी देत? तर रुग्ण असह्य होऊन ओरडायला लागला की. तोवर थांबा, सवय लागेल, असं सांगत. म्हणजे आधी वेदना, मग विनवणी, मग औषध. ते उतरलं की पुन्हा तेच चक्र. सेंट ल्यूक्समध्ये मात्र घड्याळ बघून, दर काही तासांनी, वेदना परत यायच्या आतच तोंडानं औषध देत. माणसं शुद्धीत असत, बोलत असत, आणि औषधासाठी कोणापुढे हात पसरत नसत.

हे तिला सगळीकडे न्यायचं होतं. पण समाजसेविकेचं कोण ऐकणार? एका सर्जननं तिला सरळ सांगितलं, की डॉक्टर हो, त्याशिवाय डॉक्टर लोक तुझं ऐकायचे नाहीत. मग तिनं तिशी उलटल्यावर वैद्यकीय कॉलेजात नाव घातलं. १९५७ साली डॉक्टर झाली तेव्हा अडतीस वर्षांची होती. आपल्या गटात पन्नाशीत दहावीला बसलेल्या बाया आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९५८पासून ती लंडनमधल्या सेंट जोसेफ्स या दवाखान्यात काम करायला लागली. तो आयर्लंडच्या जोगिणींनी चालवलेला होता. इथं तिनं दोन कामं बरोबरीनं केली. मॉर्फिन हे वेदनेचं औषध घड्याळाप्रमाणे द्यायला लावलं, आणि रुग्णांचं म्हणणं शब्दाला शब्द लिहून ठेवलं. काहींचं टेपवर धरलं. हजारभर रुग्णांच्या नोंदी झाल्या. रेडिओवाल्या आपल्या मैत्रिणींना याचं मोल लगेच कळेल. माणसाचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहिणं वेगळं आणि त्याच्याच आवाजात धरणं वेगळं.

त्यातली एका बाईची गोष्ट जगभरच्या डॉक्टरांना शिकवली जाते. सिसिलीनं तिला विचारलं, तुमच्या दुखण्याबद्दल सांगा. बाईनं सुरुवात पाठीपासून केली. मग म्हणाली की आता तर सगळ्या अंगातच काही ना काही बिघडलंय. नवरा आणि मुलगा चांगले आहेत, पण त्यांचं काम बुडतंय, पैसा जातोय. आपल्याला काय होतंय हे कोणालाच कळत नाही असं वाटतं. गोळ्या, इंजेक्शनं यांच्याबद्दलही ती बोलली. आणि शेवटी म्हणाली, आता पुन्हा सुरक्षित वाटायला लागलंय.

बघा, प्रश्न एकच होता. उत्तरात पाठ आली, पैसा आला, नवऱ्याचा खाडा आला, एकटेपण आलं. ही बाई लंडनची, पण तिला आपल्या गावात कोणत्याही ओसरीवर बसवा, वेगळी ओळखू यायची नाही. सिसिलीनं यावरून जो विचार मांडला, त्याला आपण 'समग्र वेदना' म्हणू. वेदनेला चार धागे असतात. एक शरीराचा. दुसरा मनाचा, म्हणजे भीती, राग, लाज. तिसरा माणसांचा आणि पैशाचा. चौथा, 'माझ्याच वाट्याला हे का' या प्रश्नाचा. चारही एकात एक गुंतलेले. गोळी पहिल्या धाग्याला लागते. बाकीचे तीन तसेच ओढलेले राहिले, तर गोळीची मात्रा वाढवत नेली तरी बाई म्हणते दुखतंय, आणि लोक म्हणतात नखरे करतीय.

१९६७ साली तिचं घर उभं राहिलं. सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस. दारात डेव्हिडच्या पैशाची खिडकी आहेच. तिथं नातेवाइकांना येण्याजाण्याची मोकळीक होती, बाग होती, आणि रुग्ण गेल्यावरसुद्धा घरच्यांची विचारपूस होत असे. दोनच वर्षांत, १९६९ला, तिथल्या नर्सा रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. सिसिली स्वतः २००५ साली तिथंच गेली, कॅन्सरनंच.

आता आपल्या देशाकडे येऊ. मुंबईत टाटा रुग्णालयातले सर्जन डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना नावाचं असंच घर सुरू केलं. देशातलं हे पहिलं. पुढे गोव्यातही त्यांची शाखा झाली. बरे होण्याची आशा न राहिलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना तिथं विनामूल्य ठेवून घेतात.

पण त्याच सुमाराला एक उलटी गोष्टही घडली होती. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. उद्देश चांगला होता. पण मॉर्फिन अफूपासून होतं, आणि अफू म्हटलं की कायद्याचा हात जड. मॉर्फिन ठेवायचं तर दवाखान्याला निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागायला लागले. एक येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. जरा चूक झाली तर तुरुंग. कोण कशाला भानगडीत पडेल? दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला त्याचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकत होती, बाहेरच्या देशांना औषधासाठी विकली जात होती, आणि इथला कॅन्सरचा रुग्ण मात्र दात आवळून पडलेला.

एक इथंच सांगून ठेवते, म्हणजे गैरसमज नको. मॉर्फिन हे गुडघेदुखीचं, कंबरदुखीचं औषध नाही. ते कॅन्सरसारख्या जबर वेदनेसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली घ्यायचं. संधिवाताला, मणक्याला दुसरी औषधं, व्यायाम, शेक असे वेगळे उपाय आहेत.

आता केरळ. कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल भूल देणारे डॉक्टर होते. ज्या नसेतून वेदना जाते, तिथं इंजेक्शन देऊन ती नस बधिर करायची, हे त्यांचं कसब. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली ही गोष्ट आहे. चाळिशीतला, कॉलेजात शिकवणारा एक माणूस त्यांच्याकडे आला. जिभेचा कॅन्सर, चेहऱ्यात भयंकर वेदना. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. वेदना गेली. माणूस खूश. परत कधी येऊ, असं त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही, हा उपाय वेदनेपुरता होता. आपला आजार बरा होणारा नाही, हे त्या माणसाला त्या क्षणी कळलं. तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच रात्री घरी त्यानं आपलं जीवन संपवलं.

मैत्रिणींनो, इथं मला जरा थांबावंसं वाटतं. त्या डॉक्टरचं औषध फसलेलं नव्हतं, शरीराची वेदना खरोखरच थांबली होती. फसलं ते दुसरंच. आजाराचं नाव नातेवाइकांनी लपवलं, आधीच्या डॉक्टरनं लपवलं, आणि ज्याच्या अंगात आजार होता त्याला ते उभ्याउभ्या, एका वाक्यात कळलं. आपल्या घरांमध्ये हे आजही चालतं. "तिला सांगू नका, धसका घेईल." हे मायेपोटी असतं, मला मान्य आहे. पण तिला कळत नसतं का? तिच्याशी बोलताना तुम्ही नजर चुकवता, बाहेर ओसरीवर कुजबुजता, एकदम गोडाधोडाचं करून घालता, त्यावरून ती ओळखतेच. मग तीही तुम्हाला बरं वाटावं म्हणून गप्प राहते. एकाच घरात दोन्ही बाजू एकमेकांपासून लपवत बसतात आणि बोलायचे दिवस निघून जातात.

मग एकदम सगळं तोंडावर सांगून टाकायचं का? नाही. या कामातली माणसं असं शिकवतात, की आधी विचारा. तुम्हाला आजाराबद्दल काय काय माहीत आहे? आणखी किती जाणून घ्यायचंय? कोणाला सगळं हवं असतं, कोणाला थोडं, कोणी म्हणतं माझ्या मुलाला सांगा. ज्याला जेवढं पेलतं, तेवढं तेवढं, आणि सांगून झाल्यावर उठून जायचं नाही. तो रडेल, गप्प बसेल, तुमच्यावर चिडेल, तेवढा वेळ शेजारी बसायचं.

राजगोपाल, त्यांचे तरुण सहकारी डॉ. सुरेश कुमार आणि काही स्नेही, यांनी १९९३ साली त्याच महाविद्यालयाच्या आवारात वेदना-उपचारांची संस्था सुरू केली. दोघा डॉक्टरांनी इंग्लंडला जाऊन सिसिलीच्या परंपरेतलं शिक्षण घेतलं होतं. इथं मॉर्फिनही मिळे आणि बोलायला माणूसही. लांब-लांबून रुग्ण येऊ लागले. पण लवकरच लक्षात आलं, की ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो येऊच शकत नाही. ज्याला उठून बसवत नाही तो एसटीत कसा बसणार? मग गाडी काढून घरी जायला सुरुवात झाली. पण डॉक्टर चार, घरं हजार.

इथून पुढचा भाग मला या सगळ्या गोष्टीत महत्त्वाचा वाटतो. १९९९च्या सुमाराला मलप्पुरम जिल्ह्यात आणि आसपास त्यांनी ठरवलं, की हे काम डॉक्टरांच्या हातून काढून गावाच्या हातात द्यायचं. गोळी, इंजेक्शन, जखमेची पट्टी यासाठी डॉक्टर-नर्स लागतील. पण रुग्णाजवळ बसणं, ऐकणं, घरात काय कमी आहे ते बघणं, त्याला डिग्री कशाला? आठवड्यातून दोन तास देणारं कोणीही चालेल. रिक्षावाला, दुकानदार, शाळामास्तर, घर सांभाळणारी बाई. त्यांना सोळा तासांचं शिक्षण द्यायचं, चार दिवस अनुभवी माणसांबरोबर घरोघर फिरवायचं, आणि मग कामाला लावायचं.

त्या सोळा तासांत शिकवायचं काय? तर बहुतेक, काय करायचं नाही हे. उभं राहून बोलायचं नाही, रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर खाली बसायचं. 'काही होत नाही, बरं होईल' असं खोटं बोलायचं नाही. 'माझ्या आत्याला पण असंच झालं होतं' म्हणून आपली कथा लावायची नाही. मागच्या जन्मीचं पाप, नवस, व्रत यांचा उपदेश करायचा नाही. इथं ऐकलेलं शेजारच्या घरी सांगायचं नाही. रुग्ण गप्प बसला तर घाईनं ती जागा भरायची नाही. करून बघा एकदा. एखादी बोलता बोलता थांबली तर आपण दोन मिनिटंसुद्धा गप्प राहू शकत नाही, लगेच चहाचं विचारतो.

घरात गेलं की आणखी एक माणूस दिसे, सेवा करणारं. बहुधा बायको, सून, लेक, आई. रात्रंदिवस जागणारी, आणि रुग्णाला भेटायला येणाऱ्या कोणीही जिची चौकशी न केलेली. हे कार्यकर्ते तिच्याशीही वेगळं बसून बोलत. तू झोपतेस कधी, तुझी पाठ कशी आहे, असं तिला कोणीतरी पहिल्यांदा विचारत होतं. घरात तांदूळ नसले तर तांदळाची सोय होई, पोरांच्या वह्यापुस्तकांची होई. कारण नुसतं गोड बोलून भुकेल्या घरातून बाहेर पडणं बरं नाही, हे त्यांना कळलं होतं. पैसा बहुतेक गावातूनच जमत होता, दुकानातल्या डब्यांतून, सुट्या नाण्यांतून.

सुरुवात कॅन्सरपासून झाली होती. पण गावातली माणसं दारोदार फिरायला लागली, तेव्हा बाकीचेही दिसायला लागले. लकव्याचे, म्हातारपणानं खाटेला लागलेले, झाडावरून पडून मणका मोडलेले. असा तरुण आपल्याकडेही दर पंचक्रोशीत एखादा असतोच. कंबरेखालचं अंग गेलेलं, वय पंचवीस, पुढे चाळीस वर्षं जगायचं. त्याला मरणाची नाही, जगायची सोबत हवी. केरळात अशांना एकत्र आणून भेटी घडवल्या, छत्र्या करण्यासारखी हातानं करायची कामं शिकवली. एका खाटेवरच्या माणसाशी दुसऱ्या चाकाच्या खुर्चीतल्या माणसानं बोलावं, याच्यासारखं समुपदेशन डॉक्टरलाही जमत नाही. लघवीची नळी कशी सांभाळायची, बेडसोअर म्हणजे टेकून टेकून होणारी जखम कशी टाळायची, बायकोशी कसं बोलायचं, हे तो अनुभवानं सांगतो.

२००८ साली केरळ सरकारनं यासाठी स्वतंत्र धोरण आणलं, देशात पहिलं. नंतर ग्रामपंचायतींमार्फत घरोघर जाणाऱ्या नर्सा नेमल्या गेल्या. आता केरळचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, तिथली गोष्ट वेगळी, तिथं सगळे शिकलेले. खरं आहे ते काही अंशी. तिथल्या पंचायतींच्या हातात पैसाही आपल्यापेक्षा लवकर आला. पण आठवड्याला किंवा महिन्याला ठरल्या दिवशी बसणारा, एकमेकींच्या घरातलं माहीत असणारा बायांचा गट आपल्या प्रत्येक गावात आहे. हिशेबाची वही संपली की आपण उठतो, एवढंच. आपली एखादी सभासद तीन बैठका आली नाही तर आपण दंड लावतो. ती का आली नाही, हे विचारायला कोण जातं, हा प्रश्न मी इथं ठेवून देते.

आपल्या राज्यातही असं काम झालं आहे. पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्ला फाउंडेशनचं केंद्र आहे. तिथं कॅन्सरचा रुग्ण घरच्या माणसासह राहतो, आणि सेवा कशी करायची हे त्या माणसालाही शिकवून परत पाठवतात. फी घेत नाहीत. एचआयव्हीच्या बाबतीत तर महाराष्ट्रानं फार सोसलं. २००४च्या एप्रिलमध्ये सरकारनं मोफत औषधं सुरू केली, त्याआधी समुपदेशकांच्या हातात शब्दांशिवाय फारसं काही नव्हतं. तेव्हा नवरा गेल्यावर घराबाहेर काढलेल्या विधवा एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, आणि आज त्यांतल्या कित्येक जणी गोळ्या घेऊन शेती करतात, नातवंडं खेळवतात.

कायद्याचं थोडं सांगते आणि थांबते. १९८५चा जो कायदा मघाशी सांगितला, तो संसदेनं २०१४ साली बदलला. मॉर्फिनसाठी आता मान्यताप्राप्त दवाखान्याला एकाच ठिकाणची परवानगी पुरते. तरी तालुक्याला ते सहज मिळतं असं नाही. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. या उपचारांना मराठीत 'उपशामक सेवा' म्हणतात, कागदावर तो शब्द असेल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार वाढवून २१ केले आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, कंपवात, कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती, हे सगळे त्यात येतात. प्रमाणपत्र काढून घ्या.

आपल्या उपकेंद्राचं नाव आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे. तिथं ज्या बारा प्रकारच्या सेवा मिळायला हव्यात, त्यांत म्हाताऱ्यांची काळजी आणि उपशामक सेवा ही एक आहे. आशाताईंना यासाठी प्रशिक्षणही आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत आशाताईला बोलवा आणि यादी काढा, की आपल्या गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती आणि त्यांच्याजवळ दिवसरात्र कोण असतं. दोन्ही नावं लिहा.

आणि मन फारच खचलं असेल, जगणं नको असं वाटत असेल, रुग्णाला किंवा त्याची सेवा करणारीला, तर १४४१६ या नंबरवर फोन लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. नंबर पुन्हा सांगते, लिहून घ्या. एक, चार, चार, एक, सहा.